तुपावरील आळ

संग्रह करणें हें शहाणपणाचें व टाकून देणें हें उधळेपणाचें, अशी शिकवण आम्हां मध्यम स्थितींतील लोकांस पाळण्यांतच मिळते. जुने डबे, मोडक्या छत्र्या, दहा वर्षांपूर्वींच्या पावत्या, ज्यांचीं मुलें आतां कॉलेजांत शिकत आहेत अशा जोडप्यांच्या लग्नपत्रिका, यांतील कांहींहि आमच्या घरांतून सहसा बाहेर जात नाहीं. 'मोडणें' या क्रियापदालाच आमच्या भाषेंत अशुभाचा वास आहे. घर मोडलें, सोयरीक मोडली, मन मोडलें, असें आपण म्हणतों. मोडीला मान देणारा गृहस्थ एकच, तो म्हणजे सोनार. आजीच्या वाक्या मोडल्याखेरीज नातीच्या बांगड्या होत नाहींत, हें त्यास ठाऊक असतें.

सोनाराचें हें शहाणपण आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीस उपजतच असतें, ही गोष्ट आम्हांस वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं कळली. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे प्राध्यापक. पेशी आपल्या उदरांतील मेद कसा मोडते या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारील, तर अधिकार कांहीं नाहीं, देणें मात्र आहे, इतकेंच उत्तर आम्ही देऊं. तें देणें कशाचें, हें आधीं सांगितलें पाहिजे.

१९९७ सालीं आमच्या धाकट्या बहिणीस मुलगा झाला. ती आमच्या सख्ख्या आत्याची सून. मामाची मुलगी करून घेणें ही आमच्याकडील जुनी रीत. आत्यानें मागणी घातली, वडिलांनीं होकार दिला आणि 'घरचें घर, पाहिलेलीं माणसें' असें म्हणून आम्हींहि त्यास दुजोरा दिला. बाळ गोरेंपान, गुटगुटीत आणि कोणाची दृष्ट लागावी असें होतें. त्याच्या ठायीं एकच गोष्ट जराशी निराळी होती. कोठें भांडें पडलें, दार वाजलें, कीं तें सर्वांगानें दचके. भाचा पुढें मोठा कवि होणार, असें आम्ही थट्टेनें म्हणत असूं. सहाव्या महिन्यांत उष्टावण झालें. मऊ भात, वरण आणि वर घरचें साजुक तूप. बहिणीचा हात तुपाला सढळ होता. पुढें महिना-दोन महिन्यांतच बाळ पालथें पडेनासें झालें, त्यास मान सावरेना, खुळखुळ्याकडे हात जाईना, नजर कोठें ठरेना. मुलें दर आठवड्यास एक नवी विद्या शिकतात. आमचा भाचा दर आठवड्यास एक विद्या विसरूं लागला.

घरांत कारणांचा शोध सुरू झाला. दृष्ट झाली, वारें झालें, ग्रह झाले. शेवटीं आत्याबाईंनीं तुपावर बोट ठेविलें. 'एवढ्याशा जिवाला इतकें तूप! पोर जडावलें त्यानें,' असें त्या जो येईल त्यास सांगत. ही अडाणीपणाची समजूत म्हणून आम्ही सोडून दिली असती तर ठीक झालें असतें. परंतु आम्ही त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचे, नुकतीच प्राध्यापकी पत्करलेले, आणि कोणत्याहि विषयावर चार वाक्यें नीटनेटकीं लिहितां आलीं कीं तो विषय आपणांस समजला असें मानणारे होतों. आम्हीं बहिणीस एक आंतर्देशीय पत्र लिहिलें. स्निग्ध पदार्थांचा अतिरेक कोवळ्या देहास सोसत नाहीं, न पचलेला मेद सांचतो आणि मेंदूस जड करितो, मातेच्या ममतेला विवेकाची जोड हवी, असा त्याचा मजकूर होता. वाक्यें चांगलीं उतरलीं होतीं. त्यांतील शास्त्र मात्र सर्वस्वीं आमच्या कल्पनेंतलें होतें.

१९९८ सालीं बाळास पुण्यास आणलें. डोळ्यांच्या डॉक्टरांनीं त्याच्या डोळ्यांत यंत्रानें पाहिलें आणि आणखी दोघांना बोलावून तेंच दाखविलें. पडद्याच्या मध्यभागीं चेरीच्या फळासारखा एक तांबडा ठिपका होता. त्यांनीं रोगाचें नांव सांगितलें, टे-सॅक्स. जन्मजात दोष आहे, यावर उपाय नाहीं, असेंहि सांगितलें. आम्हीं तें नांव बसच्या तिकिटाच्या पाठीवर टिपून घेतलें. तिकीट सदऱ्याच्या खिशांत राहिलें आणि सदरा धुण्यांत गेला. कॉलेजचें ग्रंथालय आमच्या खोलीपासून शंभर पावलांवर होतें. तेथें जाऊन त्या नांवाचा अर्थ पाहावा, असें आमच्या मनांत आलें नाहीं, आणि बहिणीस लिहिलेलें पत्र मागें घ्यावें असेंहि आलें नाहीं. २००० सालच्या श्रावणांत बाळ गेलें. त्या सुमारास त्यास दिसत नव्हतें, गिळतां येत नव्हतें आणि आईच्या आवाजाशिवाय दुसरें कांहीं कळत होतें असें वाटत नव्हतें.

पुढें २००२ सालीं बहिणीस मुलगी झाली. ती धडधाकट वाढली, औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर झाली आणि गेल्या वर्षीं तिचें लग्न ठरलें. एके दिवशीं ती आमच्याकडे येऊन म्हणाली, 'मामा, लग्नाआधीं मला एकदां रक्त तपासून घ्यायचें आहे. दादा ज्यानें गेला, तें माझ्यांत आहे कीं काय तें पाहायचें आहे. आई त्या गोष्टीविषयीं बोलत नाहीं. तुम्ही बरोबर चला.' आम्ही गेलों. आनुवंशिक रोगांच्या तज्ज्ञ बाईंनीं विचारिलें, 'मुलाला काय झालें होतें?' आम्हीं नांव सांगितलें. त्या म्हणाल्या, 'म्हणजे काय झालें होतें, हें तुम्हांला कोणीं समजावून सांगितलें होतें का?' सत्तावीस वर्षें तें नांव आम्हांस पाठ होतें. त्या नांवापुढें एक अक्षरहि आम्हांस सांगतां येईना. त्या रात्रीं आम्हीं वाचावयास आरंभ केला.

ही कथा बेल्जममध्यें सुरू होते. लूव्हें येथील विद्यापीठांत ख्रिस्तिआन द दूव्ह नांवाचे शास्त्रज्ञ १९४९ सालीं उंदराच्या यकृतावर प्रयोग करीत होते. त्यांस शोध घ्यावयाचा होता इन्सुलिनच्या कार्याचा. आम्लांत काम करणारें एक विकर, ज्यास इंग्रजींत एन्झाइम म्हणतात, तें ते सहज मोजीत होते. ताज्या यकृतांत त्याची शक्ति अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याइतकीच भरली. तोच नमुना पांच दिवस शीतपेटींत राहिला आणि पुन्हां मोजतांच शक्ति पूर्ण भरली! दुसरा कोणी असता तर मोजण्यांत चूक झाली म्हणून पुढें गेला असता. द दूव्ह यांनीं असा तर्क केला कीं हें विकर पेशींत एखाद्या बंद पिशवींत कोंडलेलें असावें, आणि पांच दिवसांत पिशव्यांच्या भिंती जीर्ण होऊन तें बाहेर पडलें असावें. तर्क खरा ठरला. १९५५ सालीं त्यांनीं त्या पिशव्यांस लायसोसोम असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ विरघळविणारा देह. १९७४ सालीं आल्बेर क्लोद व जॉर्ज पलाडे यांच्यासमवेत त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या शालेय पुस्तकांतून या पिशवीस लयकारिका म्हणतात. हा शब्द ज्यानें योजिला त्यास आमचा नमस्कार असो. उत्पत्ति, स्थिति आणि लय या त्रयींतील लयाची देवता आपण स्मशानांत बसविली खरी, परंतु तिला महादेव म्हटलें, हें विसरतां कामा नये.

या पिशवीच्या आंत पन्नासांहून अधिक प्रकारचीं विकरें असतात. प्रत्येकाचें काम एकच आणि ठरलेलें. एखादें प्रथिनें तोडतें, एखादें साखरेची सांखळी सोडवितें, एखादें मेद फोडतें. या सर्वांस आम्ल लागतें, म्हणून पिशवीच्या भिंतींत बसविलेले पंप अहोरात्र आंत आम्लता भरीत असतात. बाहेरील पेशीरसापेक्षां आंतील आम्लता शेंकडोंपट असते. ही योजना मोठी सावधपणाची आहे. पिशवी फुटून एखादें विकर बाहेर सांडलेंच, तर तेथें आम्ल नसल्यानें तें बहुतांशीं निष्प्रभ होतें. आणि आंतून भिंत खाल्ली जाऊं नये म्हणून तिला शर्करायुक्त प्रथिनांचें अस्तर लाविलेलें असतें. घर जळूं नये म्हणून अग्नि चुलींत ठेवावा, तशी ही व्यवस्था आहे.

आतां मेदाकडे वळूं. आपण खाल्लेलें तूप प्रथम आंतड्यांत फोडलें जातें, तें स्वादुपिंडाच्या रसानें. त्याचा लायसोसोमशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं. लायसोसोमचें काम पेशीच्या आंतील. रक्तांतून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण पेशीच्या दाराशीं येतात, तेथील ग्राहक त्यांस धरून आंत घेतात आणि ते लायसोसोमच्या हवालीं होतात. या दाराच्या शोधाबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन जोडीस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आंत गेल्यावर एक आम्लप्रिय विकर कोलेस्टेरॉलला चिकटलेलें मेदाम्ल सोडवितें. सुटें कोलेस्टेरॉल मग एका प्रथिनाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातें आणि पिशवीबाहेर पडून नव्या पडद्यांच्या बांधकामास लागतें. तें विकर मुळींच नसेल तर वोल्मन यांच्या नांवाचा रोग होतो, आणि उपचार न मिळाल्यास मूल बहुधा वर्षाचेंहि होत नाहीं. विकर आहे, पण बाहेर पोंचविणारें प्रथिन बिघडलें आहे, अशी स्थिति असेल तर नीमन-पिक रोगाचा एक प्रकार होतो. मोडणारा हवाच, पण मोडलेला माल उचलून नेणाराहि हवा.

पेशींत स्वतःच्या सांठ्याचे मेदबिंदूहि असतात. उपास पडला म्हणजे यकृताच्या पेशी त्या बिंदूंचे तुकडे पडद्यांत गुंडाळून लायसोसोमकडे धाडतात आणि त्यांतून इंधन काढतात. न्यूयॉर्क येथील एका वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं २००९ सालीं हें दाखवून दिलें. पेशीनें आपलेच जीर्ण भाग पचवून घ्यावेत या व्यापक क्रियेचें यंत्र उलगडून दाखविल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एकादशीला आपलें शरीर रिकामें बसत नाहीं, कोठारांतील जुना माल बाहेर काढतें, एवढा अर्थ आमच्यासारख्या सामान्य वाचकास यांतून घेतां येईल.

परंतु आमच्या भाच्याचा मेद हा नव्हे. तो होता मेंदूचा मेद. मज्जापेशींच्या पडद्यांत एका विशिष्ट जातीचे स्निग्ध पदार्थ विपुल असतात. लंडन येथें राहणारे थुडिखुम नांवाचे जर्मन वैद्य मेंदूतील द्रव्यांचें पृथक्करण करीत असतां त्यांस यांतील मूळ घटक इतका गूढ वाटला, कीं १८८४ सालीं त्यांनीं त्यास ग्रीक पुराणांतील कोडें घालणाऱ्या स्फिंक्सचें नांव दिलें. ईडिपसची कथा आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आहों. ज्यास कोडें सुटत नसे त्यास स्फिंक्स ठार करी. तिचें नांव आमच्याच घरांतील एका मृत्यूच्या तळाशीं लिहिलेलें असेल, ही कल्पना आम्हांस कधीं आली नव्हती.

या स्निग्धांपैकीं गँग्लिओसाइड नांवाचा जो वर्ग आहे, त्याची रचना गोफासारखी आहे. मेदाचें मूळ पडद्यांत रोंवलेलें, आणि त्यावर शर्करांचे मणी एकापुढें एक ओंविलेले. पडदा जुना झाला कीं तो लायसोसोममध्यें येतो आणि हे मणी टोंकाकडून एकेक करून काढले जातात. प्रत्येक मण्यास निराळें विकर. पहिला मणी निघाल्याखेरीज दुसऱ्यास हात लावतां येत नाहीं. यांतील एका पायरीवर हेक्सोसामिनिडेझ-ए नांवाच्या विकराची पाळी असते. त्याच्या मदतीला एक साहाय्यक प्रथिन आहे. तें मेदाला पडद्यांतून वर उचलून विकराच्या पुढें धरतें, मग विकर आपला मणी काढून घेतें. हें विकर जन्मतः नसलें, तर काम त्या मण्याशींच थांबतें. पुढील सर्व विकरें शाबूत असतात, पण त्यांच्या हातीं काम येतच नाहीं. पडदे जीर्ण होतच राहतात, माल येतच राहतो आणि मोडला मात्र जात नाहीं. लायसोसोम फुगतात, पेशी फुगते. इतर पेशी मरतात आणि त्यांच्या जागीं नव्या येतात. मज्जापेशींचें तसें नाहीं. जी जन्मास आली तीच आयुष्यभर पुरवावयाची.

वॉरन टे या इंग्रज नेत्रवैद्यानें १८८१ सालीं तो तांबडा ठिपका प्रथम वर्णिला. बर्नार्ड सॅक्स यांनीं १८८७ सालीं न्यूयॉर्क येथें मेंदूतील विकृति वर्णिली. विकराचा अभाव १९६९ सालीं कळला. म्हणजे आमच्या भाच्याच्या डोळ्यांत डॉक्टरांनीं पाहिलें तेव्हां या रोगाचें सारें कारण एकोणतीस वर्षें छापील पुस्तकांत पडून होतें. त्या ठिपक्याचाहि अर्थ आम्हांस आतां कळला. डोळ्याच्या पडद्यावरील पेशी मेदानें भरून पांढुरक्या होतात. अगदीं मध्यबिंदूवर त्या पेशींचा थर नसतो, म्हणून तेथून पाठीमागची स्वाभाविक लाली दिसते. जो तांबडा डाग पाहून आम्ही भ्यालों, तो रोगाचा नव्हताच. रोग त्याच्या सभोंवार पसरलेला होता. त्या डोळ्यांत मेदानें झांकलें न गेलेलें तेवढेंच उरलें होतें.

आणि तूप? तुपाचा यांत कांहींहि अपराध नाहीं. मेंदूतील हे स्निग्ध पदार्थ मज्जापेशी स्वतःच घडवितात, बाहेरून ताटांत वाढलेल्या स्निग्धावर त्यांचें प्रमाण ठरत नाहीं. त्या मुलास तुपाचा थेंबहि दिला नसता, केवळ पेजेवर वाढविलें असतें, तरी व्हावयाचें तें त्याच क्रमानें, त्याच महिन्यांत झालें असतें. सांचण्यास आरंभ तर तो आईच्या उदरांत असतांनाच झाला होता. मेद सांचतो आणि मेंदूस जड करितो, हें आमच्या पत्रांतील वाक्य योगायोगानें खरें निघालें. तो मेद आईच्या हातून आला, हें त्यांतील सुचविणें खोटें होतें. निव्वळ खोटें विधान केव्हां ना केव्हां उघडें पडतें. अर्धवट खरें विधान पंचवीस वर्षें टिकूं शकतें, हा धडा आम्हीं आमच्याच लेखणीपासून घेतला.

मग अपराध कोणाचा? तज्ज्ञ बाईंनीं एका कागदावर आमचा वंशवृक्ष काढला. या विकराच्या घटकाचा लेख पंधराव्या गुणसूत्रावर असतो. प्रत्येकास त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतें आणि त्या माणसास जन्मभर कांहींहि जाणवत नाहीं. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच रोग. दोघां वाहकांच्या पोटीं येणाऱ्या प्रत्येक मुलास हा धोका चारांत एक असतो. पहिल्यास झाला म्हणून दुसऱ्यास होणार नाहीं असें नाहीं. कागदावर सर्वांत वर आमचे आजोबा व आजी होतीं. त्यांच्याखालीं आमचे वडील आणि आमची आत्या. वडिलांच्या खालीं आमची बहीण, आत्याच्या खालीं तिचे यजमान. बाईंनीं दोन्हीकडून दोन रेघा खालीं आणिल्या आणि त्या आमच्या भाच्यापाशीं मिळाल्या. वरच्या पिढींतील एकच बिघडलेली प्रत दोन वाटांनीं उतरून त्या एका पाळण्यांत येऊन भेटली होती. नातें जितकें जवळचें, तितकी अशी भेट संभवनीय. 'घरचें घर, पाहिलेलीं माणसें' हें आमचें समर्थन आम्हांस त्या कागदावर वाचतां आलें.

आम्ही नात्यांतील विवाहांची निंदा करावयास बसलों नाहीं. पुष्कळ घरांत ते सुखाचे होतात, आणि परक्यांतहि दोन वाहक भेटूं शकतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं मागणी घालणारी आत्या, होकार देणारे वडील, दुजोरा देणारे आम्ही, आणि आरोप झाला तो जिला कोणीं विचारिलें नव्हतें तिच्या हातांतील तुपाच्या पळीवर.

अमेरिकेंत हा रोग पूर्व युरोपांतून आलेल्या ज्यू कुटुंबांत विशेष आढळे. तेथें १९७१ सालापासून लोकांनीं स्वखुषीनें विवाहापूर्वीं किंवा अपत्यापूर्वीं रक्त तपासून घेण्याची चाल पाडली आणि त्या समाजांतील या रोगाच्या जन्मांचें प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलें. हा रोग केवळ त्यांचाच नाहीं. आपल्याकडेहि गुजराती कुटुंबांत या लेखांतील एक विशिष्ट बिघाड पुनःपुन्हां आढळल्याचें तेथील संशोधकांनीं दाखविलें आहे. विकराच्या अभावानें होणाऱ्या इतर कांहीं रोगांवर तें विकर शिरेंतून देण्याचा उपाय निघाला आहे. गोशे यांच्या नांवाच्या रोगावर तो १९९१ सालापासून अमेरिकेंत मान्य झाला. परंतु रक्तांत सोडलेलें विकर मेंदूच्या वेशीआंत शिरत नाहीं. म्हणून टे-सॅक्सवर त्याचा उपयोग होत नाहीं. जनुक पोंचविण्याचे प्रयोग चालू आहेत, पण मुलाला पुरतें बरें करील असा उपाय आज नाहीं. तूर्त आपल्या हातीं आहे तें आधीं जाणून घेणें.

भाचीस आम्हीं आंकडा विचारिला तेव्हां तिनेंच आम्हांस समजाविला. रोगी मुलाच्या निरोगी भावंडास वाहक असण्याचा संभव तिनांत दोन असतो. प्रथम तिच्या आईबापांचें रक्त तपासलें. दोघांत तोच एक बिघाड निघाला. मग तिचें तपासलें, तिच्यांतहि निघाला. मग नियोजित वराचें. त्या मुलानें 'माझें कशाला?' असें एका शब्दानेंहि म्हटलें नाहीं, याबद्दल त्याचें कौतुक आम्ही येथें करूं. त्याच्या तपासणींत तो बिघाड नव्हता, दुसराहि आढळला नाहीं. म्हणजे त्यांच्या मुलांस या रोगाची भीति बाळगण्याचें कारण जवळजवळ उरलें नाहीं. त्या दिवशीं बाईंनीं आमच्याकडे पाहून म्हटलें, 'सर, तुमचाहि संभव निम्मा आहे.' आम्हीं हात पुढें केला. तीन आठवड्यांनीं कागद आला. आमच्यांतहि तो आहे. पत्र लिहितांना आम्ही ज्या दोषाचें कारण बहिणीच्या ताटांत शोधीत होतों, तो आमच्या लेखणी धरणाऱ्या बोटांतील प्रत्येक पेशींत मुकाट्यानें बसलेला होता. आम्हां दोघां भावंडांत फरक इतकाच कीं आमची पत्नी परक्या घरची होती. आमच्या मुलास आम्हीं हें सर्व सांगितलें आहे.

वय वाढलें म्हणजे निरोगी माणसाच्याहि मज्जापेशींत व हृदयाच्या पेशींत एक पिवळसर गाळ सांचूं लागतो. लायसोसोमला जें मोडतां आलें नाहीं त्याचा तो अवशेष. आमच्या वयाच्या माणसांत तो थोडाबहुत असावयाचाच, आणि त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. मनांतहि असा गाळ सांचतो काय, असा प्रश्न एखाद्या कवीनें विचारावा. आमच्यापुढें मात्र तो काव्यस्वरूपांत आला नाहीं. तो आंतर्देशीय पत्राच्या रूपानें आला.

कागद हातीं आल्यावर आम्ही बहिणीकडे गेलों. तिच्या स्वयंपाकघरांत बसून आम्हीं तिला वंशवृक्ष दाखविला, मणी आणि विकर समजाविलें, आणि तुपानें कांहीं झालें नव्हतें, मुळींच नव्हतें, असें दोनदां सांगितलें. आमचें पत्र चुकीचें होतें असेंहि सांगितलें. ती भाजी निवडीत होती. हात थांबले नाहींत. थोड्या वेळानें ती उठली आणि आंतून पत्र घेऊन आली. घडीवर निळा कागद विरला होता. 'दादा, अक्षर छान होतें तुझें,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'तें गेल्यापासून मी तूप खात नाहीं.' आम्ही सर्वजण इतकीं वर्षें समजत होतों कीं तिचें कांहीं व्रत आहे. कोणीं विचारिलेंहि नव्हतें.

आम्हीं क्षमा मागितली. तिनें 'बरें' म्हटलें. क्षमा केली असें म्हणाली नाहीं, आणि तसें म्हणावें अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. तें पत्र फाडून टाकावें, असें आम्हीं सुचविलें. ती म्हणाली, 'राहूं दे. त्यांत बाळाचें नांव आहे.' मोडावें काय आणि ठेवावें काय, याचा निर्णय पेशी बरोबर करीत असेल. माणसाच्या बाबतींत तो ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो, हें आम्हांस त्या वेळीं कळलें.

जेवणाची वेळ झाली. तिनें पानें मांडिलीं, वरण-भात वाढला, आणि आमच्या भातावर पळीभर तूप घातलें. हात पूर्वींसारखाच सढळ होता. आपल्या पानांत तिनें तूप घेतलें नाहीं. आम्ही पाहत आहों हें तिच्या ध्यानीं आलें. 'आतां संवयच गेली रे,' असें म्हणून तिनें तुपाचें भांडें झांकून ठेविलें. आम्हीं आग्रह केला नाहीं.